श्वास रोखायचा नाही

मी पोहायला कधी शिकले ते मला नीट आठवत नाही, इतकं ते लहानपणीचं आहे. माझं माहेर खोडदचं. आमच्या मळ्यात बांधीव विहीर होती, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्हा चुलत भावंडांचा सगळा दिवस तिच्यात जायचा. चुलत्यांनी पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून मला पाण्यात सोडलं आणि एक दिवस न सांगता डबा काढून घेतला, असं घरात सांगतात. पुढं मी कठड्यावरून सूर मारायला लागले. बुडी मारून तळाला जायचं आणि मूठभर गाळ वर आणून दाखवायचा, ही आमची पैज असायची. त्यात मला कुणी हरवलं नाही, भावांनीसुद्धा नाही. कारण एकच, मला श्वास फार वेळ रोखता यायचा. पुढं चाळिशी ओलांडल्यावर नेमकं हेच माझ्या अंगाशी आलं.

लग्न होऊन मी शिनोलीला आले. नवरा हायस्कुलात शिक्षक, आणि मी घोडेगावात बियाणं-खतांचं दुकान चालवते. दोन वर्षांपूर्वी एका बियाणं कंपनीनं चांगली विक्री करणाऱ्या दुकानदारांना जोडीनं थायलंडला न्यायचं ठरवलं. आमच्या तालुक्यातून मीही त्यात होते. बाकीच्या जोड्या बाजार आणि देवळं बघून परत येणार होत्या. आम्ही दोघांनी ठरवलं की सहलीनंतर मागं राहायचं, एका बेटावर जायचं आणि स्कूबा डायव्हिंगचा कोर्स करायचा. ही कल्पना माझी होती. मोबाइलवर बघून बघून ती माझ्या डोक्यात बसली होती.

नवऱ्याला पोहायला मीच शिकवलं होतं, तेही लग्नानंतर, माझ्या माहेरच्या विहिरीत. लहानपणी त्याला पाण्यात उतरूच दिलं नव्हतं. सासऱ्यांचं मूळ गाव जुनं आंबेगाव. डिंभ्याचं धरण झालं तेव्हा ते पाण्याखाली गेलं. त्यानंतर सासऱ्यांनी मुलांना धरणाच्या काठाला फिरकू दिलं नाही. त्यामुळं तिशीतला माणूस पाठीला डबा बांधून विहिरीत हातपाय मारतोय आणि माझे भाऊ वर बसून हसतायत, असं ते दृश्य होतं. तो शिकला, पण जेमतेम. विहिरीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेला की धापा टाकायचा. त्यामुळं बेटावर जाताना मला काळजी होती ती त्याची.

बेटावर पोचलो त्या संध्याकाळी आईचा फोन आला. मी तिला कोर्सचं सांगितलं.

"आन् जावाईबापू?" आईनं विचारलं.

"तेपण करणार आहेत."

"त्यांच्याकडं ध्यान ठेव. तुझं काय न्हाई, तू मासोळीच हायेस. पर त्ये पाण्यातलं माणूस न्हाई."

मी ठेवीन म्हणाले.

शिकवणारी बाई फिलिपिन्सची होती. बुटकी, उन्हानं रापलेली, कायम हसतमुख. तिचं इंग्रजी मला समजायचं, कारण ती सावकाश बोलायची. पहिल्या दिवशी वर्गात तिनं फळ्यावर एकच वाक्य लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. श्वास कधीही रोखायचा नाही. पाण्याखाली पाठीवरच्या टाकीतली हवा दाबानं आत येते, ती छातीत कोंडून वर आलं तर फुगते आणि फुप्फुसाला इजा होते, असं तिनं समजावलं. नवऱ्यानं मान डोलावली. मीही डोलावली. त्यात न समजण्यासारखं काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पोहण्याच्या तलावात उतरायचं होतं. त्याआधीच माझी चिडचिड सुरू झाली. डायव्हिंगचा तो रबरी सूट अंगात जाता जाईना. मांड्यांपर्यंत आला आणि तिथंच अडकला. नवऱ्यानं मागून ओढला, मी पुढून ओढला, आणि शेवटी त्या बाईनं येऊन त्यात पाणी ओतलं तेव्हा तो चढला. मग ती माझ्या नाकाकडं बघून म्हणाली, "हे काढावं लागेल." माझी चमकी. खोल जाताना कान मोकळे करायला नाक चिमटीत धरावं लागतं, तेव्हा ती टोचते, असं तिचं म्हणणं. ती चमकी मी शाळेत असताना घातलेली, त्यानंतर काढलेली नव्हती. फिरकी जाम झाली होती. बाथरूममध्ये साबण लावून नवरा ती फिरवत बसला आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"दुखतंय का?" त्यानं विचारलं.

"तुम्ही काढा गुपचूप," मी म्हणाले.

तलावात छातीएवढ्या पाण्यात गुडघ्यावर बसून तोंडात नळी धरून श्वास घ्यायचा, इतकंच पहिलं काम होतं. माझं डोकं पाण्याखाली गेलं आणि माझा श्वास बंद झाला. मी मुद्दाम केलं नाही. डोक्यावर पाणी आलं की छाती आपोआप बंद होते, इतक्या वर्षांची ती सवय. समोर ती बाई आपल्या छातीवर हात ठेवून आत-बाहेर, आत-बाहेर दाखवतेय, मला कळतंय, आणि मी तशीच बसलेय. तिनं मला खांद्याला धरून वर आणलं.

"तुम्ही श्वास घेत नाही आहात," ती म्हणाली.

"घेतेय ना."

"बुडबुडे येत नाहीत."

शेजारी नवऱ्याचे बुडबुडे मात्र व्यवस्थित वर येत होते. त्याला पाण्याखाली श्वास रोखायची सवय कधी लागलीच नव्हती. विहिरीत बुडी मारायची त्याची हिंमतच झाली नव्हती. त्यामुळं तोंडात नळी दिली की तो ओसरीवर बसल्यासारखा श्वास घेत बसला.

श्वासाचं दुपारपर्यंत कसंबसं जमलं. मग मास्कचं आलं. डोळ्यांवरच्या मास्कमध्ये मुद्दाम पाणी भरून घ्यायचं, वर बघून मास्कची वरची कड दाबायची आणि नाकानं जोरात श्वास सोडायचा. पाणी खालून निघून जातं. नवऱ्याला पहिल्याच फेरीला आलं. माझ्या मास्कमध्ये पाणी आलं, नाकाशी लागलं, आणि मी नाकानं श्वास आत ओढला. ठसका लागला, मी नळी थुंकून दिली आणि ताडकन उभी राहिले. पाणी जेमतेम छातीपर्यंत होतं, तरी मी बुडणाऱ्या माणसासारखी हात मारत होते. तलावाच्या कडेला दोन जर्मन पोरी बसल्या होत्या, त्यांनी नजर दुसरीकडं वळवली. हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुन्हा केलं. पुन्हा ठसका. पुन्हा. बाई दरवेळी म्हणायची, "रिलॅक्स." हा शब्द मला इतका नकोसा झाला की आजही दुकानात कुणी म्हणालं तर माझ्या कपाळावर आठी पडते. रिलॅक्स हो म्हणून कुणी होतं का?

संध्याकाळी खोलीवर जाताना नवरा म्हणाला, "अगं, सोपं आहे. तोंडानं घ्यायचा आणि नाकानं नुसता सोडायचा."

"मला माहितीय कसं करायचं ते."

"नाही, तू काय करतेस माहितीय का, तू घाई..."

"मला शिकवू नका," मी म्हणाले. "पाण्यातलं तरी मला शिकवू नका."

त्याचं काही चुकलं नव्हतं हे मला कळत होतं, आणि त्यामुळं मी जास्तच चिडत होते.

तिसऱ्या दिवशी बाईनं ठरवलं की मास्कचं नंतर बघू, आधी समुद्रात थोडं खाली जाऊन येऊ. बोट हलत होती, डिझेलचा वास होता, मला मळमळत होतं. पाण्यात उतरलो आणि एका दोरीला धरून हळूहळू खाली जायला लागलो. श्वास चालू होता, बुडबुडे येत होते. मला पहिल्यांदा वाटलं, जमतंय. आनंदानं मी बाईला अंगठा दाखवला. तिनं लगेच मला धरलं आणि वर नेलं. पाण्याखाली अंगठ्याचा अर्थ वर चला असा होतो. वर्गात शिकवलं होतं, पण माझा हात आपल्या सवयीनं गेला.

पुन्हा खाली गेलो. घराच्या छताएवढं खोल गेलो असू, तेव्हा डाव्या कानात कळ आली. नाक चिमटीत धरून हवा फुंकायची, कान मोकळा होतो. उजवा मोकळा झाला. डावा नाही. थोडं वर आले, फुंकलं, पुन्हा खाली गेले. सुई खुपसल्यासारखी कळ. बाईनं तिच्या मदतनिसाला खूण केली, त्यानं मला दोरीपाशी थांबवलं, आणि ती बाकीच्यांना घेऊन पुढं गेली. नवऱ्यानं एकदा वळून बघितलं. मी हातानं जा जा अशी खूण केली. मग तो खाली निळ्यात गेला, आणि मला दिसत राहिले ते फक्त वर येणारे त्याचे बुडबुडे. मी दोरीला धरून मध्येच लटकलेली, ना वर ना खाली.

मी बोटीवर येऊन टॉवेल गुंडाळून बसले. ते सगळे वर आले तेव्हा नवऱ्याचा चेहरा मी लग्नातसुद्धा इतका खुललेला पाहिला नव्हता. "कासव," तो म्हणाला. "एवढं मोठं. आमच्याकडं बघून निवांत गेलं. तू असायला..." आणि मग त्यानं तोंड मिटलं.

"सांगा की," मी म्हणाले. "थांबलात का?"

"राहू दे."

"नाही, सांगा. कासवाचा काय दोष?"

पण त्यानं सांगितलं नाही, आणि मी परत विचारलं नाही. उलटी आली ती मी बोटीच्या कडेवरून केली. निदान तेवढ्यासाठी तरी समुद्र माझ्या उपयोगी पडला.

चौथ्या दिवशी सकाळी बाईनं माझा कान बॅटरीनं बघितला. आत लाल झालं होतं. या खेपेला समुद्रात जायचं नाही, जबरदस्ती केली तर पडदा फाटेल, असं तिनं स्पष्ट सांगितलं. नवरा लगेच म्हणाला, "मग मीपण थांबतो."

"थांबू नका."

"एकट्यानं करून काय करू?"

"तुम्ही थांबलात तर त्याचंही माझ्याच डोक्यावर येईल. जा तुम्ही."

तो गेला. मी त्या दिवशी बाईच्या मदतनिसाबरोबर तलावात बसून मास्कचा सराव केला, डोकं जेमतेम पाण्याखाली, म्हणजे कानावर दाब येणार नाही असा. सकाळभर नाकातोंडात पाणी गेलं. दुपारी मला राग आला, पाण्याचा, मास्कचा, त्या निळ्या टाइलांचा. त्या रागात मी नाकानं इतका जोरात श्वास सोडला की मास्क कोरडा झाला. पुन्हा पाणी भरलं, पुन्हा सोडला. कोरडा. मदतनिसानं टाळ्या वाजवल्या. मला आनंद व्हायला हवा होता, पण मनात आलं, एवढंच होतं तर इतके दिवस काय केलं?

परत निघताना नवऱ्याला कोर्स पास झाल्याचं कार्ड मिळालं, त्यावर त्याचा फोटो. मला तलावातला भाग पूर्ण झाल्याचा दाखला मिळाला. वर्षाच्या आत समुद्रातल्या बुड्या पूर्ण केल्या तरच त्याला किंमत होती. विमान खाली उतरताना कान इतका दुखला की मी नवऱ्याचं मनगट धरून ठेवलं. त्यावर माझ्या नखांचे वण बरेच दिवस होते.

मंचरच्या कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की नाकातून कानाकडं जाणारी नळी डाव्या बाजूला अरुंद आहे आणि सर्दीनं सुजली होती. त्यांनी औषध दिलं, वाफ घ्यायला सांगितली आणि नाक धरून हळूच फुंकायचा सराव दिला. तो सराव मी दुकानात गिऱ्हाईक नसताना करायचे. एकदा कळंबचे एक बागायतदार टोमॅटोच्या रोगाचं विचारायला आत आले आणि मी नाक धरून डोळे मिटून बसलेली.

"ताई, औषधाचा वास लई झाला काय?" त्यांनी काळजीनं विचारलं.

मी हो म्हणाले. खरं सांगायला गेले असते तर अर्धा तास गेला असता.

सगळ्यात जास्त त्रास झाला तो लोकांच्या कौतुकाचा. मी पोहणारी हे सगळ्यांना माहीत. त्यामुळं जो तो मलाच विचारायचा, "मग काय वैनी, समुद्राचा तळ काढला का न्हाई?" मी सांगायचे, मला जमलं नाही, यांना जमलं. लोक हसायचे. त्यांना वाटायचं मी नवऱ्याचा मान राखतेय. शाळेत नवऱ्यानं मुलांना कासवाचं सांगितलं, तर एका मुलाच्या आईनं मला गाठून विचारलं, "सरांना तुमीच न्हेलं आसंल ना हाताला धरून?"

एका संध्याकाळी आम्ही पडवीत बसलो होतो. सासरे इतके दिवस या विषयावर काही बोलले नव्हते. पोराला समुद्रात नेलं म्हणून ते माझ्यावर नाराज असतील असं मी धरूनच चालले होते. त्या दिवशी त्यांनी नवऱ्याला एकदम विचारलं, "खाली ग्येल्यावर दिसतं का रं समदं?"

"दिसतं ना, आण्णा. लांबपर्यंत दिसतं. लाल रंग दिसत नाही फारसा, बाकी सगळं दिसतं."

"आन् धरणाचं पाणी आसलं तर?"

नवरा म्हणाला, "धरणाचं गढूळ असतं. आणि गाळ बसलेला असतो."

"गाळ तर बसलाच आसंल," सासरे म्हणाले. "आमच्या दारात दगडी डोणी व्हती. गुरांना पाणी पाजायची. जड लई, ती कुणी उचलून न्हेली न्हाई. तिथंच आसंल ती."

उन्हाळ्यात पाणी मागं हटलं की जुन्या गावाचे चौथरे उघडे पडतात. लोक मुद्दाम बघायला जातात. सासरे कधी गेले नाहीत. मला वाटलं, आता नवरा काहीतरी विचारेल. डोणी कुठल्या बाजूला होती, दार कुठं उघडायचं, काहीतरी. तो परत रंगांवर गेला. खोल पाण्यात लाल रंग आधी का नाहीसा होतो हे तो शाळेत सांगतो तसं सांगत बसला. सासरे ऐकत होते, पण त्यांना ते नको होतं. मला त्या बोलण्यात पडायचं होतं आणि मी पडले नाही. पाण्याखाली काय असतं हे बोलायचा मला अधिकारच वाटेना, मी दोरीला लटकून परत आलेली बाई. नंतर आत जाऊन मी नवऱ्याला म्हणाले, "त्यांनी तुम्हाला रंग नव्हते विचारले."

"मग काय विचारलं?" तो म्हणाला. त्याला खरंच कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्यांना चहा देताना मीच विचारलं, डोणी दाराच्या उजवीकडं होती का डावीकडं. "उजव्या अंगाला," ते म्हणाले. मग गोठा कुठं, वाट कुठून नदीला जायची, शेजारी कोण, हे ते सांगत राहिले आणि मला दुकान उघडायला उशीर झाला.

वर्षाची मुदत संपत आली तरी जायचं जमेना. आधी खरिपाची गडबड, मग कांद्याच्या रोपांची. दुकान बंद ठेवता येत नाही. शेवटी दिवाळीच्या सुट्टीत दीर दुकानात बसायला तयार झाले आणि आम्ही तिकिटं काढली. त्या दिवसांत तिकडं पावसाळा असतो हे आम्हाला तिकिटं काढल्यावर कळलं. नवरा म्हणाला, पुढच्या वर्षी जाऊ. मी म्हणाले, पुढच्या वर्षी मला पुन्हा त्या तलावात बसावं लागेल, आणि त्या टाइला मी परत बघणार नाही.

शिकवणारी तीच होती. तिनं मला ओळखलं. माझी चमकी मी घरूनच काढून आले होते. या वेळी तिनं मला इतरांपासून वेगळं घेतलं आणि दोरीवरून वीतवीत खाली नेलं. कान मोकळा होईपर्यंत थांबायचं, मग पुढची वीत. डावा कान दरवेळी कुरकुर करायचा आणि मग आत टक् असं व्हायचं. मध्ये एकदा तो अजिबात उघडेना. आम्ही थोडं वर आलो, थांबलो, मी फुंकत राहिले. मला वाटलं, झालं, पुन्हा तेच. राग इतका आला की मास्कच्या आत डोळे भरले. बाई समोर तरंगत होती, तिला काही घाई नव्हती. मग तो टक् झाला आणि आम्ही खाली गेलो.

माझे गुडघे वाळूला टेकले. समुद्राचा तळ. मी इकडंतिकडं बघितलं. काही नाही. पावसानं पाणी इतकं गढूळ झालं होतं की हात लांब केला तर बोटं पुसट दिसत होती. समोर एक काळपट, काकडीसारखा प्राणी वाळूत पडला होता, तो हलतसुद्धा नव्हता. मासा नाही, प्रवाळ नाही, कासव तर दूरच. बाईनं मास्क भरायची खूण केली, मी भरला आणि कोरडा केला. बाकीचं जे करायचं होतं ते केलं. पुढच्या बुड्यांनाही तसंच, थोडं कमी, थोडं जास्त. परीक्षा पास झाले.

शेवटच्या बुडीनंतर बोटीवर पाऊस पडत होता. नवऱ्यानं हात देऊन मला वर घेतलं. पाठीवरची टाकी उतरवायला मदत केली.

"काय दिसलं?" त्यानं विचारलं.

"वाळू," मी म्हणाले.

त्याला हसू आलं ते त्यानं दाबलं. मी कान झटकला, डाव्या कानातून गरम पाणी बाहेर आलं, आणि त्याला म्हणाले, "आता ते कासवाचं सांगा. नीट सांगा, रंग नका सांगू."

तो सांगायला लागला. बोट किनाऱ्याला लागेपर्यंत मी ऐकत होते, आणि अजून चिडलेलीच होते.